डावा गाल

१ जानेवारी २०२५, बुधवार

ही डायरी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी दिली. मंडळीतल्या प्रत्येक घराला एक. पहिल्या पानावर त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून दिलंय, "रोज आनंदाची एक ओळ." मी बँडवाला माणूस. दहावीनंतर पेन धरला तो फक्त सह्या करायला. पण एस्तेर म्हणाली, "फुकट मिळाली म्हणून फोन नंबर नका लिहू तिच्यात. पाळकसाहेब इचारत्यात मागून." बायकोपुढे काय चालतंय? म्हणून बसलो.

सकाळच्या उपासनेनंतर दरवर्षीसारखी वचनाची चिठ्ठी काढली. स्टीलच्या डब्यात शास्त्रातल्या वचनांच्या गुंडाळलेल्या चिठ्ठ्या असतात. ज्याच्या हाताला जी येईल, ते त्याचं वर्षभराचं वचन. चिठ्ठ्या एस्तेरच लिहिते, तिचं अक्षर मंडळीत सगळ्यात सुबक. वत्सलाबाईंना शांतीचं वचन आलं, बँडातल्या प्रविणला सामर्थ्याचं, मला आनंदाचं. संकटातसुद्धा आनंद करत राहा, अशा अर्थाचं. मी म्हणालो, "हे मला कशाला? मी तर आनंदच वाजवतो, तोही लोकांच्या दारात जाऊन." सगळे हसले.

खरंच आहे ते. चोवीस वर्षं झाली, परळीतल्या नवतारा बँडचा मुख्य ट्रम्पेट माझा आहे. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, सगळ्यांच्या पुढे मी. लोक शमुवेल साळवे म्हणत नाहीत, मास्तर म्हणतात. एस्तेरनं चिठ्ठी मोरीजवळच्या आरशाच्या वर चिकटवली आहे. म्हणे दाढी करताना रोज दिसेल.

आनंदाची ओळ : दुपारी मटण होतं.

९ जानेवारी, गुरुवार

सकाळी चहा पिताना शर्टावर सांडला. वाटलं कप फुटका आहे. दुसरा कप घेतला, तोही सांडला. एस्तेर भाकरी थापत होती, तिचा हात परातीतच थांबला. म्हणाली, "अहो, तोंड वाकडं कावून करताय?" मी काहीच करत नव्हतो.

आरशात बघितलं. उजवी बाजू माझी होती. डावा गाल ओल्या कपड्यासारखा लोंबत होता आणि डावा डोळा मिटायलाच तयार नव्हता.

तसंच अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. रस्ताभर एस्तेर माझा हात धरून पुटपुटत प्रार्थना करत होती आणि मला तिच्या पुटपुटण्याचाही राग येत होता. डॉक्टर पोरसवदा, पण चांगला निघाला. म्हणाला, मेंदूला काही झालेलं नाही, चेहऱ्याची नस सुजली आहे. दोन-तीन महिन्यांत येईल परत. बहुतेक.

"वाजवता कधी येईल?"

"काय वाजवता?"

"ट्रम्पेट."

तो खाली बघून गोळ्या लिहायला लागला. मला त्या 'बहुतेक'चा राग आला होता, त्याच्या खाली बघण्याचा जास्त आला.

आनंदाची ओळ : नाही.

१२ जानेवारी, रविवार

तीन दिवसांत अर्धी परळी येऊन माझं तोंड बघून गेली. प्रत्येकाला कारण माहीत. एक म्हणाला गार वारं लागलं. एक म्हणाला थर्मलच्या चिमणीची राख. शेजारचा सटवा चक्क रानकबुतर घेऊन आला, पिशवीत, जिवंत. म्हणाला, "लकव्यावर ह्येचं रगत लई गुणाचं, मास्तर. गरम हाय तवरच चोळायचं." कबुतर माझ्याकडं बघत होतं, मी कबुतराकडं. एस्तेरनं पिशवी घेतली आणि परसात नेऊन उडवून दिलं. सटवा तेव्हापासून रुसला आहे.

वत्सलाबाई चर्चहून थेट आल्या. खुर्चीत टेकायच्या आधीच सुरू. "शमुवेल, मनात काय पाप दडलं असंल तर कबूल कर बाबा. आन् हे बग, तुला वचन आनंदाचं आलंय. तोंड पाडून बसू नको."

तोंड मी पाडलंय का? ते पडलंय! एका गालावर मारलं तर दुसरा पुढे करावा म्हणतात. दुसरा जागेवर असेल तर करीन.

१९ जानेवारी, रविवार

आज उपासनेत माझी प्रार्थनेची पाळी होती. उठून उभा राहिलो. सुरुवातच 'हे प्रभू' अशी. आणि 'प' येईना. ओठ जुळतच नाहीत, डावीकडून हवा निघून जाते. 'फ्रफू' असं काहीतरी निघालं. मग म्हटलं 'बापा' म्हणू, तर 'ब'चंही तेच. पुढच्या रांगेतली दोन पोरं हसली. त्यांच्या आईनं त्यांना चिमटा काढला, तो मला जास्त लागला.

मी बसलो. पाळकसाहेबांनीच प्रार्थना पुरी केली.

देवानं नेमकी स्वतःच्याच नावाची अक्षरं काढून घेतली. आता मी त्याला हाक मारायची तरी कशी? हे मी कोणाला बोलू शकत नाही, म्हणून इथं लिहितो. पाळकसाहेबांनी डायरी बघायला मागितली तर सांगीन, उंदरानं कुरतडली.

२८ जानेवारी, मंगळवार

शहादेव आला होता. बँडाचा मालक. आम्ही दोघं बरोबर मिसरूड फुटल्यापासून वाजवतोय. त्याच्या बापाच्या हाताखाली शिकलो, दोघांनीही सारखाच मार खाल्ला. तो खुर्चीच्या कडेला बसून राहिला, चहा गार झाला तरी त्याचं बोलणं काही निघेना. शेवटी मीच म्हणालो, "कोट हवाय ना?"

"मास्तर, शिजन सुरू झाला. सुपाऱ्या घेतल्याल्या हायत. म्होरं कुणीतरी लागतंयच की. तुमी बरे व्हा, लगेच तुमाला वापस."

"कोण घालणार?"

"परविण."

प्रविणला मी शिकवलं. सहा वर्षं माझ्या मागे दुसरा ट्रम्पेट वाजवतोय. आता सव्वीस वर्षांचा आहे, दम आहे, पण घाई फार. एस्तेरनं कोट घडी घालून दिला. बटणं पुसून दिली. मला वाटलं होतं निदान एक बटण तुटलेलं असेल.

शहादेवची गाडी निघून गेल्यावर मी देवाला जे बोललो ते कागदावर लिहिण्यासारखं नाही. 'प' आणि 'ब' नसलेले बरेच शब्द आहेत मराठीत.

४ फेब्रुवारी, मंगळवार

गोळ्या संपल्या. आता अंबाजोगाईला व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे पाठवलं. त्यांनी आरसा समोर ठेवून करायला सांगितलं. भुवई चढवा, नाक आक्रसा, ओठांचा चंबू करा, गाल फुगवा. आणि रोज फुगे फुगवा, हळूहळू, ताण न देता. शिट्टी मारून बघा.

मी म्हणालो, "फुगे फुगवायला मी काय जत्रेत उभा आहे?" बाई हसल्या. मला बाहेर बसायला सांगून एस्तेरशी बराच वेळ बोलत राहिल्या. बायका एकत्र आल्या की वेळेचं भान राहत नाही. तोवर परळीची गाडी चुकली.

घरी आरशापुढे बसलो. वर चिठ्ठी, खाली माझं थोबाड. आनंद करत राहा. मी उजव्या बाजूनं हसून बघितलं. डाव्या बाजूनं साथ दिली नाही. अर्धा माणूस हसतोय आणि अर्धा मयताला आलाय, असं ते दिसत होतं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज एस्तेर महिला मंडळाला गेली होती. ट्रम्पेटची पेटी काढली. ट्रम्पेट पुसला. माउथपीस ओठाला लावला.

हवा. नुसती हवा. डाव्या कोपऱ्यातून थुंकी आणि हवा. पुन्हा लावला. डावा ओठ बोटांनी दाबून धरला. फुसकन् आवाज झाला, सायकलची हवा सोडल्यासारखा. चोवीस वर्षं वाजवलं मी ह्या तोंडानं.

पेटी बंद केली आणि कपाटावर ढकलली. आरशावर टॉवेल टाकला, खिळ्याला गाठ मारून. चिठ्ठी गेली टॉवेलखाली. दाढी करणार नाही, व्यायाम करणार नाही, फुगे तर मुळीच नाही. एस्तेरला सांगितलं की टॉवेलला हात लावायचा नाही.

ती "बरं" म्हणाली. इतक्या लवकर ती कधी ऐकत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

घरात आणखी एक कटकट. एस्तेरनं गॅस बंद करून परसातली जुनी चूल सारवली. कारण काय, तर चुलीवरच्या भाकरीची चव येत नाही म्हणे गॅसला. लग्नाला बावीस वर्षं झाली, ही चव तिला आत्ता आठवली. कुठून तरी बाभळीची लाकडं आणून भिंतीला छातीइतकी रचली.

बरं, करायची तर कर. पण चूल पेटवणार कोण? मी! "माझ्या डोळ्याला धूर सोसत न्हाई," म्हणते. मग चूल मांडलीस कावून बाई? आज सकाळी फुंकणी घेऊन बसलो. फुंकर मारली की अर्धी नळीत जाते, अर्धी माझ्या डाव्या कानाकडे. राख उडून दाढीत. चहा व्हायला पाऊण तास लागला.

"हळूहळू फुका," ती मागून म्हणाली. "घाई न्हाई कसली."

मला घाई आहे! मला चहा पाहिजे होता.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज तीन लग्नं होती गावात. एक वरात आमच्या गल्लीच्या तोंडावरून गेली. मी चुलीपुढे बसलो होतो. प्रविण वरच्या पट्टीत चढताना अजून घाई करतो, श्वास पुरत नाही त्याला. तिथं अर्धा क्षण थांबायचं असतं, नवरदेवाच्या मित्रांना उडी मारायला जागा द्यायची असते. मी रागानं फुंकणी ट्रम्पेटसारखी जोरात फुंकली आणि जाळ भडकला.

एस्तेरनं विचारलं, "कसं वाजवतंय पोरगं?"

"ठीक वाजवतं," म्हणालो. खोटं बोलायचं नव्हतं, पण खरंही अंगावर येतं.

दिवसातून तीनदा ही चूल. सकाळी चहा, दुपारी भाकरी, संध्याकाळी आंघोळीचं पाणी. फेब्रुवारीच्या उन्हात कोणी गरम पाण्यानं आंघोळ करतं का? आमच्या घरी करतात.

९ मार्च, रविवार

चर्चमध्ये मी आता मागच्या बाकावर बसतो. भजन सुरू झालं की ओठ मिटून घेतो. आज पाळकसाहेब आनंदावर बोलले. खरा आनंद परिस्थितीवर अवलंबून नसतो, वगैरे. माणूस चांगला आहे, कळकळीनं बोलतो, पण त्याचं तोंड सरळ आहे.

बाहेर पडलो तर प्रविण दाराशी उभा. मान खाली. "मास्तर, ईस्टरची चाल शिकवा."

ही गोष्ट मी दोन महिने मनात दाबून ठेवली होती. ईस्टरच्या पहाटे आमची मंडळी कब्रस्तानात जमते, आपापल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावते, आणि तिथून वाजतगाजत चर्चला येते. बँडातले पाच जण मंडळीतलेच, त्यामुळे शहादेव त्या दिवशी बँड देतो. त्या फेरीची चाल माझ्या बापाची. कारभारी साळवे सनईवाले. ते लग्नात सनई वाजवायचे आणि रविवारी चर्चमध्ये बाजाची पेटी. ती चाल कुठं लिहिलेली नाही. बापाच्या तोंडातून माझ्या तोंडात आली, एवढंच.

मी प्रविणला म्हणालो, "कोट घेतलास, आता बाप पण घेतोस का?"

त्याचं तोंड एवढंसं झालं. तो सलाम करून गेला. एस्तेर घरी येईपर्यंत माझ्या चार पावलं पुढं चालत होती.

रात्रीच्या जेवणाच्या वेळी कळलं, प्रविणशी बोलताना मी 'बाप' हा शब्द म्हणालो होतो आणि त्याला तो नीट ऐकू गेला होता. त्या दोन अक्षरांनी पण आजच यायचं होतं.

१३ मार्च, गुरुवार

चार दिवस झोप नीट नाही. मी मेलो तर चाल माझ्याबरोबर जाईल, हा विचार आला. मग असाही आला की जाऊ दे, माझी आहे, माझ्याबरोबर जाऊ दे. इतका कोता माणूस मी कधी झालो? बापानं असं केलं असतं तर?

संध्याकाळी प्रविणच्या घरी गेलो. म्हणालो, "पेटी काढ बे."

वाजवून तर दाखवता येत नाही. तोंडानं गाऊन दाखवली, ता रा रा करत. कुठं थांबायचं ते त्याच्या गुडघ्यावर थाप मारून. तो तीनदा चुकला, तीनदा मी ओरडलो. चौथ्यांदा जमलं त्याला. जमलं तेव्हा मला जे वाटलं त्यात आनंद किती होता आणि कळ किती, ते मला वेगळं करता येत नाही.

२२ मार्च, शनिवार

एस्तेर हल्ली माझ्याकडे टक लावून बघते. विचारलं, "काय बघतेस?" म्हणते, "कुटं काय." आणि हसून भाकरी उलटते. माझी दाढी मानेवर उतरायला लागली, त्याला हसत असेल.

नवीन कप आणलेत तिनं. चांगले आहेत, चहा सांडत नाही.

३ एप्रिल, गुरुवार

ऊन मी म्हणतंय आणि आमची चूल चालूच. आता तीन फुंकरांत पेटते. फुंकणीचंही एक तंत्र असतं, ते मला सापडलं. ओठ नळीला घट्ट धरायचे आणि श्वास पोटातून सोडायचा. एस्तेरला सांगितलं तर म्हणाली, "व्हय का? मला कुटलं कळतंय त्यातलं."

दुकानात गेलो होतो. 'पाव किलो पोहे' म्हणालो. दुकानदारानं पुन्हा विचारलं नाही, बांधून दिले. त्याचे कान साफ झालेले दिसतायत.

शहादेव भेटला. ईस्टरला झांज धर म्हणाला. झांज! नवीन पोरांना पहिल्या दिवशी देतात ती. मी म्हणालो, बघतो.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे

बारा ते तीन चर्चमध्ये. पंखे गरगरत होते आणि हवा चुलीसारखी. पाळकसाहेबांनी दुःखसहनाची हकिकत सावकाश वाचली. मारहाण, थुंकणं, मित्रांचं पळून जाणं. आणि शेवटी ती हाक, मला का सोडलंस म्हणून. दरवर्षी ऐकतो. आज पहिल्यांदा वाटलं, हे ओरडणं आपल्या ओळखीचं आहे. जानेवारीत परसात उभं राहून मी हेच ओरडलो होतो, फक्त शिव्या घालून.

कोणी आज आनंदी राहा म्हणालं नाही. वत्सलाबाईसुद्धा गप्प रडत होत्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला चर्चमध्ये आपलं कोणीतरी बसलंय असं वाटलं. मी ओठांतल्या ओठांत 'प्रभू' म्हणालो. पुढं काही मागितलं नाही. राग गेला नव्हता, पण तो देवाशीच बोलायचा होता हे कळलं.

घरी येऊन शहादेवला फोन केला, झांज धरतो म्हणून.

२० एप्रिल, ईस्टर

काय लिहू आणि कुठून.

पहाटे पाचला कब्रस्तानात गेलो. बापाच्या कबरीवर मेणबत्ती लावली. बायका पांढऱ्या साड्यांत, पोरं पेंगुळलेली. पाळकसाहेब पांढऱ्या झग्यात, गळ्यात सोनेरी पट्टा. फेरी निघाली. प्रविण पुढे, त्याच्या शेजारी मी झांज घेऊन. त्यानं चाल उचलली आणि चांगली उचलली. पण माझं डोकं प्रत्येक सुरात खोट काढत होतं. इथं घाई केली, इथं दम तोडला. मी झांज मारत होतो आणि चिडत होतो आणि पायांकडे माझं लक्षच नव्हतं.

बायपासला फाटा आहे. डावीकडे चर्च, उजवीकडे मंगल कार्यालय. चोवीस वर्षं लग्नांसाठी त्या फाट्यावर मी बँड घेऊन उजवीकडेच वळलोय. दरवर्षी ईस्टरला माझा बाप, नंतर त्याच्या जागी मी, त्या फाट्यावर मुद्दाम जपून डावीकडे वळायचो. आज जपायला कोण होतं? मी झांजवाला. पाय वळले उजवीकडे. माझे वळले म्हणून बँडाचे वळले. बँड वळला म्हणून मेणबत्त्या हातात घेतलेली दीडशे माणसं वळली, पाळकसाहेबांसकट.

कार्यालयाच्या फाटकावर तोरण होतं. आत लग्न होतं आजच. बाजा ऐकून आत एकच धावपळ उडाली. "अगं आले, आले! पाव्हणे आले!" अर्धवट दाढी केलेला एक माणूस बनियनवर धावत आला, अर्ध्या तोंडाला साबण. तो नवरीचा बाप, सिरसाळ्याचे राधाकिशनराव. "आवो, तुमी धा वाजता येणार व्हतात ना?" असं म्हणत त्यानं झगा घातलेल्या पाळकसाहेबांनाच व्याही समजून कडकडून मिठी मारली. साबण पाळकसाहेबांच्या गालाला लागला. मागून त्यांची म्हातारी आई, गीताबाई, आरतीचं ताट घेऊन डुलत आली. "नवरदेव कुटाय?" म्हणत तिनं सगळ्यांत पुढं, म्हणजे प्रविणपुढं, ताट धरलं.

प्रविण ट्रम्पेट तोंडातून काढून म्हणाला, "आजी, मी नवरदेव न्हाई. आमचा देव उठलाय आज."

"उटला का? बरं झालं," म्हातारी म्हणाली. "मंग बसा, चा घ्या."

आधी शहादेव फुटला. मग वत्सलाबाई. मग दीडशे माणसं. प्रविणला तर हसून उभं राहवेना, त्यानं ट्रम्पेट माझ्या हातात कोंबला. राधाकिशनराव चूक समजल्यावर आधी ओशाळले आणि मग तेही हसायला लागले. म्हणाले, "आता आलाच हाव तर वाजवा की. दारात बाजा आला आन् मुका गेला, असं नगं. लेकीचं लग्न हाय."

सगळे थांबले. प्रविण अजून गुडघ्यावर हात ठेवून हसत होता. हातात ट्रम्पेट माझ्या. मीही हसत होतो, हसता हसता तो ओठाला लावला. सवयीनंच. लावल्यावर आठवलं, मला येत नाही.

पण तोवर श्वास पोटातून निघाला होता.

सूर निघाला. जरा फाटका, डाव्या कोपऱ्यातून थोडी हवा जात होती, पण सूर होता. बापाची चाल. पहिली ओळ झाली, थांबायच्या जागी थांबलो, दुसरी उचलली. बँड मागून आला. मेणबत्त्या, तोरण, कढईतली भजी, नवरी खिडकीत. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते दोन्ही डोळ्यांतून सारखं वाहत होतं. देवा, मी आनंदात होतो. दुसरा शब्द नाही. लाज, राग, कोट, सगळं तिथंच होतं आणि मी आनंदात होतो.

दीडशे माणसांनी सिरसाळ्याच्या लग्नघरचा चहा घेतला. मग चर्चला पोचलो, पाऊण तास उशिरा. पाळकसाहेबांचा गाल साबणानं पांढरा होता. त्यांनी आनंदावर बोलायचं ठरवलं होतं. उभे राहिले आणि हसूच आवरेना, तसेच बसले.

एस्तेर मात्र कार्यालयाच्या दारात, सगळे हसत असताना, पदर तोंडाला लावून रडत होती. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, धूर गेला डोळ्यात. सकाळी सहाला, बायपासवर, कसला धूर?

२१ एप्रिल, सोमवार

शहादेव सकाळी येऊन गेला. कोट आणला होता. मी म्हणालो, हा सीझन प्रविणकडे असू दे, माझा अजून तासभराचा दम नाही. दुसरा ट्रम्पेट धरीन त्याच्या मागे. घाई करतो तिथं मागून हळूच ओढीन त्याला. शहादेवनं कोट परत बगलेत मारला. मला स्वतःला बरं वाटलं म्हणायला पाहिजे तर तसं नाही. पण म्हणालो.

मग टॉवेल काढला. गाठ पक्की बसली होती, दातांनी सोडवावी लागली. चिठ्ठी तशीच होती. खाली दाढीवाला एक माणूस. हसून बघितलं. डावा गाल जरा उशिरा येतो, पण येतो.

चहा आज गॅसवर झाला. मी परसात गेलो तर चूल गार, राख भरून काढलेली. विचारलं, "चूल का नाही पेटवली?"

"सरपण संपलं," एस्तेर आतून म्हणाली.

भिंतीला कमरेइतकी बाभळ रचलेली होती. म्हणालो, "मग हे काय आहे?"

"वलं हाय ते."

एप्रिलमध्ये. परळीत. वलं सरपण.

अंबाजोगाईला त्या बाई एस्तेरशी इतका वेळ काय बोलल्या असतील, ते आता कळलं. मग फुंकणी उचलली, नळावर धुतली, धोतराच्या फडक्यानं पुसली आणि कपाटावरची पेटी खाली काढून तिच्यात ट्रम्पेटशेजारी ठेवली.